पद्मिनी, ऊठ ना गं!

चार महिन्यांचा पाऊस, चाळीस वर्षांची गाडी आणि आरटीओची तारीख... एका फियाटला झोपेतून उठवण्याची गोष्ट.

‘विंटर स्टोरेज’ हा शब्द मला दादाने शिकवला. तो टोरोंटोला असतो. तिकडचे हौशी लोक म्हणे आपली जुनी, लाडकी गाडी नोव्हेंबरमध्ये गॅरेजात झोपवतात आणि एप्रिलमध्ये उठवतात. कारण बर्फ. आणि बर्फापेक्षाही रस्त्यावर टाकलेलं मीठ, जे पत्रा खातं. मग टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल टिकवायचं औषध घालायचं, बॅटरीला बारीक करंटचा चार्जर लावून ठेवायचा, सायलेन्सरच्या तोंडात बोळा कोंबायचा, म्हणजे उंदीर संसार थाटत नाहीत. इतके लाड करूनही एप्रिलमध्ये पहिल्यांदा सेल्फ मारला की गाडी खोकते, थुंकते, थरथरते आणि बंद पडते.

आपल्याकडे विंटर कुठलाय? पुण्यात डिसेंबरमध्ये स्वेटर घालायची हौस भागते, तेवढंच. पण आपल्याकडे पावसाळा आहे ना, बॉस! आणि जुन्या गाडीच्या तब्येतीला आपले चार ओले महिने कॅनडाच्या थंडीइतकेच वाईट. हवेत दमट, पार्किंगमध्ये दमट, पेट्रोलच्या टाकीत दमट, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट. २०२५ मध्ये तर पाऊस मे महिन्यातच येऊन बसला. मी ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी जूनपासून बेंगळुरूला होते, ती दसऱ्याला परत आले. तोपर्यंत आमची फियाट कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाकी कव्हरखाली गप्प उभी.

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे ती मुंबईची टॅक्सी?’ हो, तीच. काळी-पिवळी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी रजिस्टर झाली होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून गेली. तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, हळहळले, ‘एण्ड ऑफ ॲन एरा’ वगैरे लिहिलं. आमच्या पार्किंगमधल्या एराला मात्र दर पावसाळ्यानंतर ऑइल लागायचं.

ही गाडी बनायची कुर्ल्याला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात, इटलीच्या फियाटच्या परवान्यावर. १९६४ मध्ये ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली, सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. आत १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, सेन्सर तर एकही नाही. आणि हाच तर फंडा आहे! सेन्सर नाहीत म्हणजे काय बिघडलंय ते गाडी स्वतः सांगणार नाही. पण बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं. माझ्या ऑफिसच्या कारचं बॉनेट उघडलं तर मला फक्त एक काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं.

आमची गाडी १९८५ ची. आईबाबांनी १९९२ मध्ये सेकंडहॅण्ड घेतली. ‘आईबाबांनी’ हे आपलं म्हणायला. बाबांना गाडी येत नाही, कधी आली नाही. ते बँकेत होते, आयुष्यभर पीएमटीने गेले आणि गाडीत कायम डावीकडे बसले. चालवायची आई. शाळेत मराठी शिकवायची आणि साडीचा पदर खोचून फियाट चालवायची. सिग्नलला शेजारचे रिक्षावाले वळून बघायचे, तेव्हा आई न बघता म्हणायची, ‘हिरवा झाला की निघा.’

२०२१ मध्ये आई गेली. गाडी राहिली.

त्यानंतर ती चालू ठेवली चाचांनी. भवानी पेठेत त्यांचं छोटं गॅरेज होतं, तीस वर्षं आमची गाडी त्यांच्याकडे. २०२४ मध्ये त्यांनी ते बंद केलं. मुलाला त्यात रस नाही, गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा दसऱ्यानंतर मी कव्हर काढलं तेव्हा परिस्थिती अशी होती: आई नाही, चाचा नाहीत आणि गाडीचं रजिस्ट्रेशन संपणार १८ नोव्हेंबरला. १५ वर्षांनंतर खाजगी कारचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. मागचं आईने केलं होतं, २०२० मध्ये. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या कारची रिन्यूअलची फी ५ हजारांवरून १० हजार रुपये केली. वर पर्यावरण कर, इन्शुरन्स. आणि कळस म्हणजे सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलेली. डिसेंबरअखेर फ्लॅट रिकामा करायचा. नव्या भाड्याच्या जागेत पार्किंग एकच, तेही उघड्यावर.

बाबांनी निर्णय घेऊन टाकला होता. स्क्रॅपवाला येऊन बघून गेला होता. त्याने भाव सांगितला तो वजनावर.

‘वजनावर?’ मी विचारलं.

‘जेमतेम नऊशे किलो भरते म्हणाला,’ बाबा पेपर न हलवता म्हणाले. ‘चालू असती तर गोष्ट वेगळी. बंद गाडी म्हणजे भंगारच.’

मला राग भावाचा आला नाही, ‘बंद’ या शब्दाचा आला. म्हटलं, महिनाभर द्या. चालू झाली, पासिंग झालं, तर ठेवायची. नाही झालं तर मी स्वतः त्याला फोन करते. बाबा ‘बघ’ म्हणाले. आमच्या घरात ‘बघ’ म्हणजे नाही. पण नाही म्हणून ते कधी अडवत नाहीत.

खर्र... खट्!

बॅटरीपासून सुरुवात केली, कारण तिथून सगळेच करतात. मल्टिमीटर लावला तर ११.८ व्होल्ट. चांगली चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी आराम करताना १२.६ च्या आसपास दाखवते. ११.८ म्हणजे ती जवळजवळ झोपलेली. टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आलेला. गरम पाणी आणि खायचा सोडा, जुना टूथब्रश, नंतर वर व्हॅसलीन. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. दुसऱ्या दिवशी सेल्फ मस्त फिरला. गर्र गर्र गर्र... आणि पाचव्या झटक्याला इंजिन पेटलंसुद्धा! पण कसं? अंगात हीव भरल्यासारखी सगळी गाडी थडथडत होती, आरसा हलून हलून स्वतःच खाली वळला, मागून काळा धूर. चोक आत ढकलला की लगेच मेली.

जवळच्या एका चकाचक गॅरेजमधून मेकॅनिक बोलावला. तरुण, नम्र, हातात टॅब. बॉनेट उघडून त्याने बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, याला स्कॅनर कुठे लावायचा?’ मग कुणाला तरी फोन लावून सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरून चला. मला त्याच्यावर हसू आलं नाही. त्याचा जन्म झाला तेव्हा पद्मिनीचं उत्पादन संपत आलं होतं. २००१ च्या सुमारास ती बनायची थांबलीच. त्याला कार्ब्युरेटर दाखवणार कोण?

मग कोंढव्याला गेले. चाचा मुलाच्या घरी, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि मला वाटलं आता सिनेमातल्यासारखं डोळे मिटून निदान सांगणार. छे! म्हणाले, ‘बेटा, आवाजावरून फक्त एवढं कळतं की गाडी आजारी आहे. ते तर तुलाही कळलं.’ मग बोटांवर मोजून दाखवलं. ‘पहिले करंट, मग पेट्रोल, मग हवा. आणि एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशाने झाली ते कसं कळणार?’

आमच्या ऑफिसात याला ‘रूट कॉज ॲनालिसिस’ म्हणतात आणि त्यासाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं, लंचसकट.

व्हिजिटिंग कार्डाचा खरा उपयोग

करंट म्हणजे ठिणगी. पेट्रोल इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ही ठिणगी द्यायला आजच्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असतं. पद्मिनीत असतात ‘पॉइंट’. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन छोटे धातूचे ठिपके. इंजिन फिरतं तसे ते उघडतात, मिटतात. उघडले की कॉइलमधून हजारो व्होल्टचा झटका निघतो आणि टोपीतून पाळीपाळीने एकेका प्लगला जातो. पाळीही ठरलेली: एक, तीन, चार, दोन. म्हणून प्लगच्या वायरी काढायच्या आधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर टाकायचा. नाही तर नंतर अर्धा रविवार वायरींची अंताक्षरी.

प्लग काढला, वायरीत खोचला, इंजिनाच्या पत्र्याला टेकवला (रबरी मुठीच्या पकडीत धरून, आसपास पेट्रोल सांडलेलं नाही हे बघून) आणि शेजारच्या काकांना सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी होती, पण पिवळट आणि रोडावलेली. हवी निळी, कडकडीत. टोपी उघडली तर पॉइंटवर राखाडी साय धरलेली. चार महिन्यांच्या दमट हवेत असं होतंच. धातू दिसायला ठीक, पण करंटला मध्ये भिंत.

बारीक पॉलिश पेपरचा तुकडा दोन पॉइंटमध्ये हलकेच फिरवला. त्यानंतर पेपरची कचकच निघावी म्हणून कोरा, स्वच्छ पुठ्ठा ओढायचा असतो. पर्समध्ये होतं माझं व्हिजिटिंग कार्ड. ‘सीनियर असोसिएट’ हे शब्द काळे होऊन बाहेर आले. त्या कार्डाचा आजवरचा सगळ्यात चांगला उपयोग! फट फिलर गेजने मोजली, अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी आत ठेवली. टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसली. प्लग तारेच्या ब्रशने घासले.

गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू. थडथड बरीच कमी. पण चोक आत ढकलला की पुन्हा बंद.

वही

इथे जरा थांबते. कारण हत्यारं शोधताना डिकीतल्या पत्र्याच्या डब्यात मला आईची वही मिळाली. शाळेची, चौकटीची, तपकिरी पुठ्ठ्याची. १९९२ पासून २०२० पर्यंत. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, खर्च आणि शेवटच्या रकान्यात शेरा. आई पेपर तपासायची तशीच गाडीही तपासायची. ‘ब्रेक ढिले.’ ‘हॉर्न आपणहून वाजतो.’ एके ठिकाणी, ‘आज शहाण्यासारखी वागली.’ आणि जवळजवळ प्रत्येक ऑक्टोबरमध्ये: ‘पॉइंट घासले, जेट फुंकला.’

दुसरीही एक गोष्ट होती. जून ते सप्टेंबर, दर रविवारी एक नोंद. खर्च नाही, शेरा नाही, फक्त किलोमीटर. २६. पुढच्या रविवारी २६. मग २७. पुन्हा २६. वर्षानुवर्षं.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ‘रविवारी सकाळी? भाजीला जायची,’ ते म्हणाले.

‘सव्वीस किलोमीटर?’

बाबांनी चष्मा लावून वही हातात घेतली. भाजी कोथरूडातच मिळते. आमच्या घरापासून जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर म्हणजे खडकवासला. बाबा पानं उलटत राहिले. बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस. आकडे त्यांना खोटं सांगत नाहीत.

नुसतं उभ्या उभ्या पाच मिनिटं इंजिन चालवून जुन्या गाडीचं भलं होत नाही, उलट होतं वाईट. ऑइल पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बॅटरीही धड चार्ज होत नाही. गाडी खरोखर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालली पाहिजे, म्हणजे आतलं सगळं दमट उडून जातं. आईला हे चाचांनी सांगितलं असणार. पण भर पावसात, रविवारी सकाळी, एकटीने खडकवासल्याच्या रस्त्याला जायचं आणि घरी येऊन पिशवीतून मेथी काढायची... ते काही फक्त ऑइल तापवायला नव्हतं, असं मला वाटतं. बाबांना काय वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. वही मात्र त्यांनी परत दिली नाही.

मामाचा ऊस, भाचीची गाडी

तर, चोक. चोक म्हणजे थंड इंजिनाला थोडा वेळ जास्त पेट्रोल पाजायची सोय. गाडी फक्त चोकवरच चालत असेल, तर सरळ अर्थ: एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फालतू हवा आत शिरतेय. आणि ‘चालतेय ना चोकवर, चालू दे’ हे पासिंगला चालत नाही. पीयूसीमध्ये आमच्या वयाच्या पेट्रोल कारला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. चोक ओढलेली गाडी त्याच्या कितीतरी वर जाते. काळा धूर बघून पीयूसीवाल्याने लांबूनच हात हलवला असता.

मॅनिफोल्डचे नट आवळून बघितले. फरक शून्य. म्हणजे हवा नाही. कार्ब्युरेटर उघडला. आयडल जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी स्क्रू, मध्ये सुईपेक्षा बारीक भोक. उजेडाकडे धरला तर पलीकडचं काही दिसेना. त्यात तार घालायचा मोह होतो. घालायची नाही! भोक मोठं झालं की कायमचं मोठं. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आणि सायकलच्या पंपाची हवा. ठिपक्याएवढा उजेड दिसला तेव्हा मी पार्किंगमध्ये एकटीच ‘येस्स!’ म्हणून ओरडले.

गाडी चोकशिवाय चालली. पौड रोडपर्यंत चक्कर मारली. सॉलिड. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच: चोकवर चालू, चोक आत की बंद.

इथे बरेच जण कंटाळून नवीन कार्ब्युरेटर आणतात. पण जेट पुन्हा बुजला, म्हणजे जेट गुन्हेगार नाही. घाण वरून येतेय. मी दोन पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत टाकीच्या तळाचं पेट्रोल, दुसरीत पंपानंतरच्या पाइपातलं. तासभर कट्ट्यावर उभ्या केल्या. पहिलीच्या तळाशी तांबूस गाळ आणि त्याखाली वेगळा, पाण्यासारखा थर. दुसरीत हे होतंच, शिवाय काळे बारीक कण. मध्ये जे काही आहे, तेच हे काळं सोडतंय. मध्ये होता रबरी पाइप. बोटांत दाबला तर बाहेरून ठीक, आतून भुसभुशीत. बोटं काजळासारखी काळी.

आता यातलं खरं नाट्य. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल बनतं उसापासून, धान्यापासून. परदेशातून तेल कमी आणावं लागतं, शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळतं. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. दमट टाकीत महिनोन्‌महिने उभं राहिलं आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलला सोडून तळाशी जाऊन बसतात. आणि पेट्रोलचा पाइप गाडीला पहिला तिथूनच ओढतो. त्यात १९८५ च्या जमान्यातलं रबर इथेनॉलला ओळखतच नाही. ते फुगतं, मऊ पडतं, सुटतं. वर इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून मिश्रण आणखी पातळ होतं. आजची गाडी सेन्सरने ते ओळखून पेट्रोल वाढवते. पद्मिनी बिचारी कशी ओळखणार?

माझा मामा सांगलीकडे ऊस लावतो. त्याला फोनवर सांगितलं, तर तो हसून हसून बेजार. ‘म्हणजे माझा ऊस तुझ्या फियाटला बाधला म्हण की!’

टाकी पूर्ण रिकामी केली. नाना पेठेत जाऊन इथेनॉल चालेल असा नवा पाइप, पेट्रोल फिल्टर आणि पंपाच्या डायफ्रामचा किट आणला. नाना पेठेत पद्मिनीचं सामान अजून मिळतं, फक्त दुकानदार डोळे बारीक करून आधी विचारतो, ‘विकायची आहे का?’ डायफ्राम बदलायला मला पूर्ण दुपार लागली. बाबा साडेचारला चहा घेऊन खाली आले, कप बॉनेटवर ठेवायला गेले आणि थबकले. ‘ती ठेवू द्यायची नाही,’ म्हणाले. मग कप हातातच धरून दुसऱ्या हाताने टॉर्च दाखवत उभे राहिले. अंधार पडल्यावरही टॉर्च हलली नाही.

शेवटी मी म्हटलं, ‘बाबा, आत बसून सेल्फ मारता का? मला इथून बघायचंय.’

‘मला येत नाही.’

‘किल्ली फिरवायची फक्त. गिअर न्यूट्रलमध्ये आहे.’

चौतीसाव्या वर्षी, म्हणजे गाडी घरात येऊन चौतीसाव्या वर्षी, बाबा पहिल्यांदा उजवीकडे बसले. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. त्यांनी इतक्या घाईने किल्लीवरचा हात काढला, जणू चटका बसला. मी चोक हळूहळू आत ढकलायला सांगितला. एकदा घुटमळली, सावरली, आणि मग तो ठरावीक, शिलाई मशीनसारखा आवाज. आरसा जागच्या जागी. बाबा बराच वेळ खाली उतरले नाहीत.

पासिंग

पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड दोनच्या आसपास आला. आयडलचा स्क्रू पाव फेरा फिरवून एकदा मिश्रण थोडं जाड केलं होतं, तरी आतच. पासिंगला दिवे, हॉर्न, ब्रेक, वायपर, चॅसी नंबर, सगळं बघितलं. डावा वायपर अडला, तो मी उतरून हाताने ढकलला आणि साहेबांनी उदार मनाने दुसरीकडे बघितलं. ११ नोव्हेंबरला काम झालं. मुदत २०३० पर्यंत.

सगळा हिशेब केला: बॅटरीचं चार्जिंग, पाइप, फिल्टर, डायफ्राम, क्लीनर, प्लगचा नवा सेट मिळून दोन हजार आठशेच्या आत. चाळीस हजारांचं इंजिन खोलायचं राहिलंच. हा हिशेब मी केला नाही, बाबांनी केला. वहीत, २०२० नंतरच्या पहिल्या कोऱ्या ओळीवर, बँकेच्या तिरप्या अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘डावा वायपर.’

स्क्रॅपवाल्याला फोन मीच केला. तो म्हणाला, काही हरकत नाही ताई, पाच वर्षांनी करा.

प्रश्न राहिलाच आहे तो जागेचा. भाड्याच्या घरी गाडी उघड्यावर, आंब्याखाली. वर ताडपत्री टाकली तर आत दमट कोंडतं, नाही टाकली तर चिक पडतो. आत्याच्या वारज्याच्या बंगल्याचं शेड पुढच्या पावसाळ्यापुरतं मिळेल असं दिसतंय. तिथे ठेवायच्या आधी टाकी रिकामी करायची, बॅटरी काढून घरी आणायची, असं मी ठरवलं होतं. बाबांना ते पसंत नाही. त्यांचं म्हणणं, टाकी रिकामी केली तर रविवारी खडकवासल्याला कसं जाणार?